रुतलेली बोट ओढली की तारली?

२३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि काठात घुसून बसलं. जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते. जहाजाच्या पुढच्या टोकापाशी कालव्याचा गाळ उकरणारा एकुलता एक पिवळा एक्सकॅव्हेटर जगभर पाहिला गेला. गाळ उपसला, टग (जहाजं ओढणाऱ्या ताकदवान बोटी) लावले, आणि २९ मार्चला पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीने हात दिल्यावर जहाज सुटलं. बातमी तिथे संपली. हिशोब मात्र तिथून सुरू झाला.

जहाज सोडवणाऱ्यांत 'स्मिट' ही डच कंपनी होती. काम झाल्यावर तिने 'साल्व्हेज', म्हणजे जहाज वाचवल्याचं बक्षीस, मागितलं. जहाजमालक म्हणाले, 'साल्व्हेज कसलं? २६ मार्चलाच ईमेलवर आपलं ठरलं होतं. माणसं आणि यंत्रं यांचा ठरलेल्या दराने खर्च, आणि जहाज सुटलं तर वर बोनस.' वाद लंडनच्या कोर्टात गेला. पैशांच्या मुद्द्यावर एकमत झालं होतं हे खरं, पण बाकीच्या अटींवर बोलणी चालूच होती, म्हणून करार पक्का झालेला नव्हता, असा निकाल २०२३ मध्ये लागला आणि २०२४ मध्ये अपील कोर्टानेही तोच कायम केला. करार नाही म्हणजे साल्व्हेजचा दावा मोकळा.

बड्या कंपन्या, वकिलांच्या फौजा, लेखी ईमेल, इतकं सगळं असताना 'आपलं नेमकं काय ठरलं होतं' याचं उत्तर मिळायला तीन वर्षं लागली. मग वाळूच्या पट्ट्यावर चढलेल्या छोट्या बोटीच्या मालकाचं काय होत असेल? त्याची बोट रुतते, दुसरी बोट येते, दोर टाकते, दहा मिनिटांत त्याला पाण्यात ओढून आणते. तो मनापासून आभार मानतो. काही दिवसांनी बिल येतं. त्यात तासांचा हिशोब नसतो, तर बोटीच्या किमतीचा एक हिस्सा मागितलेला असतो. मालकाला वाटतं आपण लुटले गेलो. दोर टाकणाऱ्याला वाटतं, बोट वाचवली आणि आता हा पैसे द्यायला कुरकुरतोय. या भांडणात बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. कारण दोर एकच असला तरी त्याला कायद्याने दोन वेगळी नावं दिली आहेत.

ओढणं वेगळं, तारणं वेगळं

टोइंग म्हणजे ओढून नेणं. इंजिन बंद पडलं, इंधन संपलं, बोट शांत पाण्यात नांगर टाकून उभी आहे, तिला बंदरात न्यायचं आहे. इथे दुसऱ्या बोटीने फक्त स्वतःची ताकद उसनी द्यायची. इंग्लंडमधले न्यायाधीश डॉ. लशिंग्टन यांनी १८४९ मध्ये टोइंगची जी व्याख्या केली तिचा मथितार्थ असा, की जिथे प्रवासाला वेग देण्यापलीकडे काहीच लागत नाही ते टोइंग. पैसे तासावर, अंतरावर किंवा ठरलेल्या रकमेवर. भाड्याच्या गाडीसारखा सरळ व्यवहार.

साल्व्हेज म्हणजे धोक्यात असलेली बोट किंवा तिच्यावरचा माल वाचवणं, आणि त्याबद्दल मिळणारं बक्षीसही. वाचवणाऱ्याला साल्व्हर म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये 'सबाइन' खटल्यात याच्या तीन अटी सांगितल्या, त्या आजही तशाच वापरात आहेत. एक, मालमत्ता समुद्रावरच्या धोक्यात असली पाहिजे. दोन, मदत स्वेच्छेने केलेली हवी, म्हणजे आधीपासून ते काम करायला ती व्यक्ती बांधलेली नको. तीन, यश आलं पाहिजे, निदान काही अंशी तरी. बोट वाचली नाही तर एक पैसाही नाही. लंडनच्या 'लॉइड्स'चा साल्व्हेजचा छापील करार एका शतकाहून जुना आहे आणि त्याचं तत्त्व हेच आहे: गुण नाही तर पैसा नाही. त्या करारात रक्कम लिहिलेलीच नसते. ती नंतर लवाद ठरवतो.

मराठीत या कल्पनेला शोभणारा एक शब्द आहे, 'तारण'. तारणे म्हणजे वाचवणे, आणि तारण म्हणजे कर्जापोटी गहाण पडलेली वस्तू. साल्व्हेजमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होतात. जी बोट तारली, तीच बक्षिसाची रक्कम चुकती होईपर्यंत तारण राहते. साल्व्हरचा हक्क मालकावर असतो तसा थेट बोटीवरही असतो. पैसे मिळाले नाहीत तर तो कोर्टात जाऊन बोट अटकवू शकतो. हो, बोट 'अटकवणं' हाच त्यातला शब्द आहे.

समुद्रावर कायदा उलटा का?

शेजाऱ्याच्या घराला आग लागली आणि तुम्ही न सांगता धावत जाऊन ती विझवली, तर शेजारी जन्मभर तुमचं नाव घेईल, पण तुम्हाला त्याच्या घराच्या किमतीतला हिस्सा मागता येणार नाही. जमिनीवर न मागितलेल्या मदतीचं मोल सहसा मागता येत नाही. समुद्रावर येतं.

कारण अगदी व्यवहारी आहे. समुद्रात रस्त्याच्या कडेला गॅरेज नसतं. जे कोणी जवळ असेल त्यालाच वाट वाकडी करून, स्वतःची बोट आणि माणसं धोक्यात घालून यावं लागतं. त्याला नुसतं डिझेलचं बिल मिळणार असेल तर तो का येईल? म्हणून कायद्याने ठरवलं, की येणाऱ्याला मेहनतान्यापेक्षा जास्त, बक्षीस म्हणावं असं मिळालं पाहिजे. मोठे टग खलाशांसकट बारा महिने तयारीत उभे ठेवायचे तर त्याचा खर्च कुठून तरी निघायला हवा. मला हा नियम मनापासून पटतो. आजच्या वादांत साल्व्हरला सरसकट चोर ठरवलं जातं, तेव्हा ही बाजू विसरली जाते.

१९८९ मध्ये लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय साल्व्हेज कराराने ही सगळी जुनी तत्त्वं एका जागी आणली. तो १९९६ पासून अमलात आहे, आणि ब्रिटन, अमेरिका, भारत यांसह अनेक देश त्यात आहेत. त्यात 'जहाज' या शब्दाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. पाण्यावर चालू शकणारं काहीही त्यात बसतं. म्हणजे तेलवाहू जहाजाला जो नियम तोच शनिवार-रविवारी फिरायला काढलेल्या शिडाच्या बोटीला. छोट्या बोटींच्या भांडणांचं मूळ बरंचसं इथे आहे. महाकाय जहाजांसाठी घडलेला कायदा छोट्या बोटीला लागू होतो आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो.

एक गोष्ट स्पष्ट असावी: हे सगळं मालमत्तेबद्दल आहे. माणसाचा जीव वाचवल्याबद्दल त्या माणसाकडून पैसे मागता येत नाहीत, हे या करारात सरळ लिहिलं आहे. उलट स्वतःच्या जहाजाला आणि त्यावरच्या माणसांना गंभीर धोका न होऊ देता, समुद्रात जीव जात असलेल्याला मदत करणं हे प्रत्येक कप्तानाचं कर्तव्य आहे. तेव्हा बिलाच्या भीतीने कोणी मदतीची हाक द्यायचं टाळू नये.

सगळं अडतं ते 'धोका' या शब्दापाशी

'अहो, धोका कसला? समुद्र आरशासारखा होता. नुसती वाळूवर टेकली होती!' रुतलेल्या बोटीचा प्रत्येक मालक हे म्हणतो, आणि त्याला ते खरंच तसं वाटत असतं. म्हणून बोट रुतते तेव्हा नेमकं काय होतं ते जरा जवळून पाहू.

तरंगणाऱ्या बोटीचं सगळं वजन पाणी पेलतं. बोटीचा तळ वाळूला लागला की त्या वजनाचा काही भाग वाळूवर येतो. भरती चढत असेल तर पाणी दर मिनिटाला थोडं थोडं वजन परत उचलून घेतं. थोडी कळ काढली तर बोट आपोआप सुटते. ओहोटी लागली असेल तर उलटा खेळ. पाणी जसं उतरतं तसं वजन वाळूवर वाढत जातं. जी बोट पहिल्या पाच मिनिटांत एका झटक्याने निघाली असती, तिला अर्ध्या तासाने तिप्पट ताकदही हलवू शकत नाही. खोल कण्याची शिडाची बोट मग एका कुशीवर कलंडायला लागते. भरती परत येते तेव्हा ती आडवीच असते, आणि पाणी तिला उचलण्याआधी खिडक्या-झडपांतून आत शिरू शकतं. आणि ज्या भरतीत बोट रुतली ती उधाणाची असेल तर पुढच्या भरत्या भांगाकडे, म्हणजे सर्वात कमी उंचीच्या भरतीकडे, जात उतरत्या असतात. मग तेवढं पाणी परत यायला पंधरवडा लागू शकतो.

त्यात लाटा आल्या तर चित्र आणखी बदलतं. प्रत्येक लाट बोट थोडी उचलते आणि खाली आपटते. वाळू मऊ दिसते, पण आपटताना ती दगडासारखी लागते. सुकाणू वाकतं, पंख्याचा दांडा सरळ राहत नाही, तळाच्या सांध्यांना भेगा जातात. इंजिन जोरात उलटं चालवलं की थंड होण्यासाठी आत ओढलेल्या पाण्याबरोबर वाळू जाते आणि इंजिन तापतं. वारा किनाऱ्याकडे असेल तर प्रत्येक लाट बोटीला आणखी वर, आणखी उथळात चढवते. चिखलात वेगळीच अडचण. तो तळाला चिकटून धरतो, आणि ओढताना ती पकड सुटेपर्यंत दोरावर प्रचंड ताण येतो.

म्हणून कायद्यातला 'धोका' म्हणजे डोळ्यांसमोर बोट फुटताना दिसणं नव्हे. कोर्टं असं विचारतात: त्या क्षणी, तिथे असलेल्या शहाण्या माणसाला, मदत मिळाली नाही तर बोटीचं नुकसान होईल अशी वाजवी भीती वाटली असती का? धोका तत्काळचा हवा असं नाही. पण निव्वळ कल्पनेतला धोकाही चालत नाही.

दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. पहिल्यात भरती चढती आहे, वारा नाही, तळ वाळूचा, चारी बाजूंना पाणी, आणि तासाभरात बोट आपोआप सुटेल असं भरतीचं कोष्टक सांगतंय. मालकाला कंटाळा आला म्हणून त्याने ओढून घेतलं. हे माझ्या मते टोइंगच, कोणी काहीही बिल पाठवो. दुसऱ्यात ओहोटी लागली आहे, खाली खडक आहेत, आकाश भरून आलंय. हे साल्व्हेज आहे, मालकाला तेव्हा कितीही शांत वाटत असलं तरी. खरे वाद या दोन टोकांच्या मधल्या जागेत होतात, आणि तिथे निर्णय पुराव्यावर होतो, आवाजावर नाही.

'पण काम तर दहा मिनिटांचं होतं!'

टोइंगच्या मोजपट्टीने साल्व्हेज मोजलं की हा आक्षेप येतो. रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्याला आपण कामाचे पैसे देतो. दरीच्या कडेला अर्धी लटकलेली गाडी मागे खेचणाऱ्याचे पैसे मात्र त्याला किती मिनिटं लागली यावर कसे ठरवणार? तो भराभर खेचू शकला म्हणूनच तर गाडी राहिली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात गव्हाने भरलेल्या 'ब्लॅकवॉल' जहाजाला आग लागली, तेव्हा शहराचे बंब टगवर चढवून तिथपर्यंत नेले आणि आग विझवली. त्या खटल्यात १८६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक्षीस ठरवण्यासाठी काय काय पाहायचं ते सांगितलं: किती श्रम पडले, किती तत्परता आणि कौशल्य दाखवलं, साल्व्हरची स्वतःची साधनं किती मोलाची होती आणि ती किती धोक्यात आली, माणसांनी किती जोखीम घेतली, वाचलेल्या मालमत्तेची किंमत किती, आणि ती कोणत्या संकटातून वाचली. १९८९ च्या करारात यात आणखी बाबींची भर पडून यादी दहावर गेली. पर्यावरणाचं नुकसान टाळण्यासाठी घेतलेले कष्ट आणि साधनं किती तयारीत ठेवली होती, याही गोष्टी त्यात मोजल्या जातात. तत्परता तर तिथेही आहेच. म्हणजे कायदा वेगाला दंड करत नाही, शाबासकी देतो.

पण याच यादीचा आधार मालकालाही आहे, आणि हे त्याला कोणी सांगत नाही. धोका कमी, जोखीम शून्य, कौशल्य साधं, साधनं साधी असतील तर बक्षीसही लहानच व्हायला हवं. बोट महाग आहे एवढ्यावरून रक्कम फुगवता येत नाही. वाचलेली किंमत ही दहा बाबींतली एक आहे. समजा रुतण्याआधी बोटीची किंमत शंभर होती आणि तळ फुटल्यामुळे सुटल्यावर ती साठ राहिली, तर हिशोब साठवर होतो, शंभरावर नाही. शिवाय बक्षीस कितीही मोठं झालं तरी, व्याज आणि कोर्टखर्च सोडून, वाचलेल्या किमतीच्या वर जाऊ शकत नाही.

'मी फक्त ओढा म्हणालो होतो'

मालकाने तोंडाने 'ओढा' म्हटलं म्हणून ते टोइंग होत नाही, आणि बिलावर 'साल्व्हेज' छापलं म्हणून ते साल्व्हेज होत नाही. आधी ठराविक रकमेचा स्पष्ट करार झाला असेल, तर तो करार दोघांना बांधतो. असा करार नसेल तर धोका, स्वेच्छा आणि यश या तीन अटी तपासल्या जातात. मालक गप्प राहिला, साल्व्हरही गप्प राहिला आणि दोर बांधला गेला, तर कायद्याचा कल साल्व्हरकडे जातो. मौन महाग पडतं ते इथे.

टोइंगचा करार मधेच साल्व्हेज होऊ शकतो का? होऊ शकतो, पण सहज नाही. ठरलेलं काम चोख करणं ही टोइंगवाल्याची जबाबदारीच आहे, त्याचं वेगळं बक्षीस नाही. वाटेत कोणी कल्पना केली नसेल असं संकट आलं आणि करारात बसतं त्याच्या पलीकडे जाऊन त्याने बोट वाचवली, तरच. इंग्लंडमधल्या १८६१ च्या 'मिनेहाहा' खटल्यापासून हे तत्त्व चालत आलं आहे. ते संकट टोइंगवाल्याच्याच चुकीने ओढवलेलं असेल तर अर्थातच नाही.

आणि मदत नकोच असेल तर? मालकाने किंवा कप्तानाने स्पष्ट आणि वाजवी शब्दांत 'नको' म्हटलं, तर त्यानंतर केलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. 'वाजवी' हा शब्द महत्त्वाचा. भरती चढती असताना 'नको, मी थांबतो' म्हणणं वाजवी. बोट बुडत असताना, दुसरं कोणी आसपास नसताना हेका धरणं वाजवी ठरेलच असं नाही.

सभासदत्व, विमा आणि त्यांच्यामधली फट

अमेरिकेत बोटमालकांसाठी टोइंगच्या सभासदत्वाच्या योजना फार चालतात. वर्षाला एक रक्कम भरायची, मग अडचणीत फुकट ओढून मिळणार. तिथल्या तटरक्षक दलाचं धोरणही असं आहे, की कोणाच्या जिवाला धोका नसेल तर मदतीची विनंती रेडिओवर प्रसारित करायची आणि काम खासगी टोइंगवाल्यांना करू द्यायचं. त्यामुळे रुतलेल्या माणसाशी पहिली गाठ पडते ती बहुधा खासगी बोटीची.

इथे मेख आहे. या योजना 'मऊ रुतणं' आणि 'घट्ट रुतणं' असा फरक करतात. चारी बाजूंना पाणी आहे, बोट थोडीफार हलते आहे, एक बोट आणि एक दोर लावून थोड्या वेळात निघते, ते मऊ. ते सभासदत्वात बसतं. त्यापलीकडचं सगळं साल्व्हेज, ते बसत नाही. अमुक रुतणं मऊ की घट्ट हे ठरवतो कोण? तिथे आलेला टोइंगचा कप्तान. ज्याला साल्व्हेजमधून जास्त मिळणार त्यानेच हे ठरवायचं, हे मला खटकतं. बहुतेक कप्तान प्रामाणिक असतात यात शंका नाही, पण प्रामाणिक माणसालाही या जागी बसवणं बरोबर नाही.

विम्यात याच्या उलट गंमत असते. बोटीच्या पुष्कळ विमा पॉलिसींत साल्व्हेजचा खर्च बोटीच्या संरक्षणात धरलेला असतो, तर टोइंगसाठी छोटी मर्यादा असते किंवा ते घेतलेलंच नसतं. त्यामुळे कधी मालकाला 'साल्व्हेज' हा शब्द आवडतो आणि विमा कंपनी 'छे, हे तर टोइंग' म्हणून अडून बसते. ज्याचा विमाच नाही त्याला मात्र सगळं खिशातून. पॉलिसीतल्या या दोन शब्दांखाली काय लिहिलंय ते बोट किनाऱ्याला बांधलेली असतानाच वाचावं. रुतल्यावर वाचायला सवड नसते.

बंदरावर ऐकू येणारे दोन समज

'त्याचा दोर घेऊ नका, आपला दोर द्या, म्हणजे साल्व्हेज लागत नाही.' हे खोटं आहे. दोर कोणाचा याने काहीही ठरत नाही. ठरतं ते धोक्यावर, स्वेच्छेवर आणि यशावर. उलट स्वतःचा झिजका दोर देण्याच्या नादात तो ताणाखाली तुटतो, आणि तुटलेला दोर माणसाचा पाय मोडू शकतो.

'साल्व्हेज म्हणजे बोट त्याची झाली.' हेही खोटं. मालकी बदलत नाही. त्याला बक्षिसाचा हक्क मिळतो आणि त्यापोटी बोट अडकून राहते, एवढंच. पण हे 'एवढंच' हलकं नाही. पुरेशी हमी देईपर्यंत, साल्व्हरच्या संमतीशिवाय, सुटका झाल्यावर बोट ज्या पहिल्या बंदरात आणली तिथून तिला हलवता येत नाही. विमा कंपनीचं हमीपत्र किंवा बँकेची हमी दिली की मात्र बोट मोकळी होते.

अडला हरी...

रात्र झाली आहे, मुलं केबिनमध्ये रडताहेत, बोट एका कुशीवर झुकली आहे. अशा वेळी समोरून क्लिपबोर्डवर छापील कागद येतो: 'इथे सही करा, मग दोर टाकतो.' अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि सहीही करतो. त्या सहीला किती किंमत?

बरीच असते, पण पूर्ण नाही. धोक्याच्या दबावाखाली करार झाला आणि त्याच्या अटी अन्यायाच्या असतील, किंवा केलेल्या कामाच्या मानाने ठरलेली रक्कम फारच जास्त (किंवा फारच कमी) असेल, तर कोर्टाला तो करार रद्द करता येतो किंवा बदलता येतो. त्याचप्रमाणे साल्व्हरच्या निष्काळजीपणामुळे काम वाढलं, किंवा त्याने लबाडी केली, तर त्याचं बक्षीस कमी होतं किंवा पूर्ण जातं. वाकडं ओढून सुकाणू मोडणाऱ्याला पूर्ण रक्कम मागता येणार नाही.

मग सही न करता घासाघीस करत बसावं का? इथे १९७८ ची आठवण काढावी लागते. १६ मार्चला सकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ 'अमोको कॅडिझ' या तेलवाहू जहाजाचं सुकाणू निकामी झालं. 'पॅसिफिक' नावाचा जर्मन टग पोचला. टगला लॉइड्सचा साल्व्हेज करार हवा होता, जहाजाला ठरलेल्या दराचं टोइंग. दोर बांधला गेला तरी बोलणी संपली नव्हती. दुपार कलल्यावर साल्व्हेजला होकार मिळाला. दोर तुटला, पुन्हा बांधला, आणि रात्री जहाज पोर्तसालच्या खडकांवर गेलं. दोन लाख वीस हजार टनांच्या आसपास कच्चं तेल समुद्रात सांडलं. बोलणी लवकर आटोपली असती तर जहाज वाचलं असतं का, यावर आजही मतभेद आहेत. पण पुढे १९८९ च्या करारात पर्यावरणाला जे स्थान मिळालं त्यामागे या दुर्घटनेचा मोठा वाटा आहे. बोट खरोखर धोक्यात असेल, तेल सांडणार असेल, माणसं भेदरली असतील, तर आधी दोर घ्यावा. रक्कम नंतर लवादापुढे वाजवी करता येते. फुटलेला तळ नंतर वाजवी करता येत नाही.

धोका बेताचा असेल तेव्हा मात्र विचारायचं, आणि दोर बांधण्याआधी विचारायचं: 'हे टोइंग आहे की साल्व्हेज? ठरलेली रक्कम सांगता का?' धोका असला तरी ठराविक रकमेवर साल्व्हेजचा करार करता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. माझं म्हणणं याच्याही पुढे जातं. हा प्रश्न मालकाने विचारण्याची वेळच येऊ नये. एकाचा तो रोजचा धंदा आहे, दुसऱ्याचा आयुष्यात एकदा आलेला प्रसंग. ज्याला दोन्ही शब्दांचा अर्थ ठाऊक आहे त्यानेच दोर फेकण्याआधी सांगायला हवं, 'दादा, हे साल्व्हेजमध्ये जाईल.' जो साल्व्हर हे सांगतो त्याचं बिल सहसा वादात पडत नाही.

वाद झालाच तर काय उपयोगी पडतं

फोन खिशात असतोच. रुतल्याबरोबर बोटीचे चारी बाजूंनी फोटो काढावेत, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते. एखाद्या काठीने बोटीभोवतीची खोली मोजून तिचाही फोटो घ्यावा. वारा, लाटा, आकाश यांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. भरतीच्या कोष्टकाचा त्या दिवसाचा तक्ता. बोट सुटल्यावर लगेच तळात पाणी येतंय का ते बघून त्याची नोंद. रेडिओवर किंवा फोनवर काय बोलणं झालं ते त्याच रात्री लिहून ठेवावं, शब्दांत फार फरक पडायच्या आत. धोका किती होता हे लवाद याच गोष्टींवरून ठरवतो, आणि साल्व्हर स्वतःची अशी नोंद ठेवतच असतो.

बिल आलं की विमा कंपनीला ताबडतोब कळवावं, आणि त्यातले आकडे कशावर बेतले आहेत ते लेखी विचारावं: बोटीची किंमत किती धरली, धोका कोणता धरला, किती बोटी आणि किती माणसं लागली. सही केलेल्या कागदावर लवादाची अट आहे का ते पाहावं, कारण ती असेल तर वाद सहसा कोर्टात न जाता लवादाकडे जातो. १९८९ च्या करारानुसार साल्व्हेजचा दावा लावायला काम संपल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पहिल्या आठवड्यात घाईने चेक फाडायचं कारण नाही, आणि पत्राला उत्तरच न देता गप्प बसण्यातही शहाणपण नाही, कारण बोट तारण आहे आणि व्याज चालू असतं.